सगळ्यांचं चालू होतं

वसमतला आमच्या इंटरनेट कंपनीचं ऑफिस एका कापडाच्या दुकानावर आहे. पुढच्या खोलीत तक्रारी घेऊन येणाऱ्यांसाठी खुर्च्या, मागच्या खोलीत कायम चालू असलेला एसी, बॅटऱ्यांची रांग आणि एक उंच लोखंडी कपाट. आजूबाजूच्या बऱ्याच गावांचं इंटरनेट या कपाटातून जातं. मी त्या मागच्या खोलीत काम करते. सकाळी कुरुंद्याहून स्कुटीवर यायचं, संध्याकाळी परत. घरी मी आणि आई. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. थोरली बहीण, अक्का, लग्न होऊन नागपूरला गेलेली.

कपाटाच्या तळाशी एक चपटी, जड पेटी आहे. ती आमच्या मालकीची नाही. एका परदेशी कंपनीने ती पाठवली. आम्ही तिला जागा, वीज आणि गारवा द्यायचा, बदल्यात ती आमचा भार हलका करणार. तिला उघडायची आम्हाला परवानगी नाही, आत काय साठलंय ते बघताही येत नाही. हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो, एवढंच.

पेटीचं काम ऐकायला सोपं आहे. लोकांना वाटतं, आपण मोबाईलवर गाणं लावलं की ते थेट अमेरिकेतून येतं. पूर्वी यायचंही, आणि म्हणूनच मधेमधे अडकायचं. आता एखादं गाणं आमच्या भागात कुणी पहिल्यांदा मागतं, तेव्हा ते दुरून येतं. मुंबईच्या किंवा हैदराबादच्या मोठ्या साठ्यात असलं तर तिथून, नसलं तर समुद्रापलीकडून. पण येता येता पेटी त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवून घेते. तेच गाणं दुसऱ्या कुणी लावलं की मोबाईलला पत्ता मिळतो तो मुंबईचा नाही, आमच्या मागच्या खोलीचा. ज्या गोष्टीला खूप मागणी येणार असं वाटतं, एखाद्या नव्या पिक्चरला वगैरे, ती गोष्ट पेटी पहाटे लाईन मोकळी असताना आधीच आणून ठेवते. आणि ज्याला बरेच दिवस कुणी विचारत नाही ते पुसून टाकते. जागा मर्यादित असते, नव्याला ती करून द्यावीच लागते. अशा पेट्या जगभर गावोगाव बसवलेल्या आहेत. माणसाला जे हवं ते त्याच्या जवळ आणून ठेवायचं, एवढाच त्यांचा धंदा.

लोकांना यातलं काही माहीत नसतं, आणि असायचं कारणही नाही. तक्रार येते ती अशी येते : ‘मॅडम, पिक्चर मस्त चालू हाय, पण पोरीचा कॉलेजचा फॉर्म काहून भरना?’ मी सांगते, काका, पिक्चर इथं वसमतातच आहे, फॉर्म मुंबईला जायचाय. माणूस माझ्याकडे संशयाने बघतो आणि पुन्हा येतो म्हणून जातो. मला या उत्तराची इतकी सवय झाली होती की त्यात काही कठोर आहे असं मला कधी वाटलं नाही.

अक्काचं दुखणं फुफ्फुसाचं होतं. आधी नुसता खोकला, मग धाप, मग नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात भरती. आई तिच्याजवळ जाऊन राहिली. अक्काला श्वासाला फार त्रास व्हायला लागला तेव्हा डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन नळी बसवली. त्या दिवसापासून तिचा आवाज गेला. नळी काढली की परत येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. आई तिच्या उशाशी बसून असायची. मग एके दिवशी आईच दवाखान्याच्या पायरीवरून घसरली आणि तिच्या घोट्याचं हाड मोडलं. एक बाई नळी लावून पडलेली, दुसरी प्लॅस्टर घालून. दाजी एकटे कुठं कुठं पुरे पडणार? मी जाऊन आईला कुरुंद्याला घेऊन आले. गाडीत बसताना ती मागं वळून दवाखान्याच्या खिडक्यांकडे बघत होती, पण अक्काची खिडकी दुसऱ्या बाजूला होती.

मग आम्ही रोजचं ठरवून घेतलं. चार वाजता दवाखान्यात भेटायची वेळ असायची. दाजी आत जायचे आणि व्हिडिओ कॉल लावायचे. अक्काला बोलता येत नव्हतं, त्यामुळे साधा फोन तिच्या काही कामाचा नव्हता. जे काय होतं ते दिसण्यावर होतं. ती पाची बोटं जुळवून तोंडाकडे न्यायची, म्हणजे जेवलीस का. आई म्हणायची, ‘जेवले गं बाई, तुझं सांग.’ अक्का नळीकडे बोट दाखवायची आणि तोंड वाकडं करायची. मग आई प्लॅस्टरचा पाय उचलून मोबाईलपुढं धरायची. दोघी एकमेकींना आपापलं दुखणं दाखवायच्या आणि गावातल्या बातम्या आई सांगायची. कुणाची हळद शिजून झाली, कुणाची शेळी व्याली, विहारात रविवारी कोण कोण आलं होतं. अक्का ऐकायची. तिचे डोळे मोठे होते, आजाराने ते आणखी मोठे दिसायला लागले होते. मी ऑफिसात असायचे. संध्याकाळी घरी गेले की आई मला सगळं परत सांगायची, अक्काच्या खुणांसकट.

ते दिवस हळद शिजवायचे होते. कुरुंद्याच्या चारी बाजूंनी शेतांत कढया लागलेल्या, हवेला तो ओला, कडवट वास. स्कुटीवरून जाताना तोंडावर वाफ यायची. त्या दिवशी सकाळी मी ऑफिसात पोचले तर साहेब, म्हणजे आमच्या कंपनीचे मालक, मागच्या खोलीत उभे होते. ते सहसा मागच्या खोलीत येत नाहीत.

‘मोठी लाईन गेली,’ ते म्हणाले. ‘वारंगा फाट्याला जेसीबीनं चर उकरला, आपली केबल तुटली. आपलीच न्हाई, मोबाईलवाल्यांच्या बी त्याच चरात हायत.’

आमची मोठी केबल वारंगा फाट्यावरून येते. ती तुटली की आमच्याकडे उरते एक बारीक वाट. छतावरच्या टॉवरवर एक डिश आहे, ती नांदेडकडच्या डिशशी बोलते. मोठी केबल हमरस्ता असेल तर ही शेतातली पायवाट. जोडणीवाली मंडळी फाट्याकडे रवाना झाली होती. पण रस्त्याच्या कामावरचा ठेकेदार त्यांना चरात उतरू देत नव्हता, आधी आमचं काम होऊ द्या म्हणत होता. संध्याकाळपर्यंत काही होईल असं वाटत नव्हतं.

मी तक्रारींच्या तयारीने बसले. पण त्या दिवशी फोन फार कमी वाजले. दुपारपासून क्रिकेटची मॅच होती, सगळ्या गावांनी टीव्ही आणि मोबाईल लावले होते, आणि ते सगळं चालत होतं. पिक्चर, मालिका, गाणी पेटीत होतीच. मॅच मात्र त्या क्षणाची होती, ती आधी आणून ठेवता येत नाही. पण सगळ्यांना हवी असलेली मॅच एकच होती. तिचे लहान लहान तुकडे त्या बारीक वाटेनं एकदाच यायचे, आणि पेटी त्यांच्या प्रती करून हजारो घरांत वाटायची. राहिलेलं सगळं, ज्याचं त्याचं वेगळं, कुणाचा बँकेचा व्यवहार, कुणाचा फोटो, कुणाची परीक्षेची वेबसाइट, ते त्या पायवाटेवर एकमेकांना रेटत उभं होतं.

साहेब खूश झाले. ‘पेटीनं लाज राखली बघा आज,’ ते म्हणाले.

जेवणाच्या वेळी दाजींचा साधा फोन आला. आवाज तुटत होता. मी खिडकीशी गेले.

‘डॉक्टरनं बोलावलं होतं मले,’ दाजी म्हणाले. ‘ऑक्सिजन चढून नाही राहिला. ते म्हणतात, जवळच्या माणसांना बोलावून घ्या.’

मग म्हणाले, ‘तिले आईले पाहायचं आहे. खुणा करून राहिली सकाळपासून. तुम्ही निघा, पण चार वाजता एकदा व्हिडिओ लावू. पोचेपर्यंत...’

नागपूर आमच्यापासून दिवसाच्या वाटेवर आहे.

मी साहेबांना सांगितलं. ते खुर्चीवरून उठले. ‘मॅडम, तुमी घरी जा. गाडीचं मी बघतो. आन् तुमच्या घरची लाईन पयली घ्या, सगळ्यांच्या पुढं.’

मी तसं करून ठेवलं. आमच्या घराचं जे काही असेल ते आधी जाऊ द्यावं, अशी आज्ञा मशीनला दिली. देतानाच मला ठाऊक होतं की तिचा निम्मा उपयोग नाही. आमच्या टोकाला मी रांग लावू शकत होते. पण खाली, म्हणजे बाहेरून आमच्याकडे, येणारी गर्दी नांदेडच्या टोकाला अडली होती, आणि तिथली रांग आमच्या हातात नव्हती. तिथं माझी आई आणि कुणाचं तरी रील सारखंच.

घरी आले तेव्हा आई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, पाय उशीवर. मी तिला सगळं सांगितलं नाही. अक्काला जास्त झालंय, आपण आज नागपूरला निघतोय, गाडी येतेय, एवढं सांगितलं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं.

‘चारला फोन येणार न्हवं?’ एवढंच म्हणाली.

चार वाजले. कॉल वाजला, आईने उचलला, आणि पडदा काळा राहिला. मधे तो गोल फिरत होता. कॉल बंद झाला. परत वाजला. परत काळा. शेजारच्या काकूंच्या घरातून मॅचचा आवाज येत होता, गल्लीतल्या सगळ्याच घरांतून येत होता. एकाच वेळी सगळी घरं ओरडली. कुणीतरी चौकार मारला असावा.

आईने मान वळवून खिडकीकडे बघितलं. ‘सगळ्यांचं चालू हाय की,’ ती म्हणाली. ‘मंग आपलंच काहून न्हाई?’

मी म्हणाले, ‘आई, त्यांचं इथूनच येतंय. वसमतहून. अक्काचं नागपूरहून यायचंय.’

‘मॅच वसमतात चालू हाय का?’

‘मॅच लांबच आहे. पण ती सगळ्यांना एकच लागते. एकदा आणली की सगळ्यांना वाटता येते.’

तिने उशाशी ठेवलेल्या गोळ्यांच्या डबीकडे बघितलं. मग म्हणाली, ‘माझ्या गोळ्यांसारखं. मीठ-साखर गावात मिळती. माझ्या गोळ्या नांदेडहून आणाव्या लागतात, दुसरं कुणी खात न्हाई म्हणून.’

‘व्हय,’ मी म्हणाले. ‘तसंच.’

इतकी वर्षं मी लोकांना हे समजावत आले होते. कुणालाच ते इतक्या लवकर कळलं नव्हतं.

तिसऱ्यांदा कॉल लागला. पडदा उजळला. दवाखान्याची पांढरी भिंत दिसली, उशीचा कोपरा, आणि अक्काचा हात. हात वर उचललेला, बोटं अर्धवट मिटलेली, कडा चौकोनांत फुटलेल्या. चेहरा दिसत नव्हता, तिथं नुसते मोठे मोठे राखाडी तुकडे होते. आणि ते चित्र तिथंच थांबलं. आवाजही नाही. आईने मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, हलवला, पडद्यावर बोटाने टकटक केलं.

‘अगं दिसना,’ ती म्हणत होती. ‘अगं दिसना मला. काय म्हणती? जेवले का म्हणती का? जेवले गं. जेवले.’ मग माझ्याकडे वळून, ‘का ये म्हणती? हात कसा केलाय तिनं, बघ बरं.’

मी बघितलं. मला कळलं नाही. त्या बोटांचा जेवलीस का असा अर्थ होऊ शकत होता, ये असाही होऊ शकत होता, आणि नुसता हात उचलला होता असाही.

मी अंगणात गेले आणि साहेबांना साधा फोन लावला. ‘साहेब, पाच मिनिटं सगळ्यांचं बंद करता येईल का?’

मॅचची शेवटची षटकं चालू होती. ऑफिसातही लावलेली असणार, मला फोनमधून ऐकू येत होती. सगळ्या गावांची मॅच ऐन वेळी घालवायची म्हणजे काय, ते मला कळत होतं.

‘बघतो,’ ते म्हणाले.

मी घरात आले. आई अजून त्या थांबलेल्या हाताशी बोलत होती. मग चित्र गेलं आणि पडदा पुन्हा काळा झाला. आणि त्यानंतर थोड्याच वेळात गल्लीतला आवाज एकदम थांबला. सगळ्या घरांतला. एक क्षण नुसती शांतता, कढयांखालच्या जाळाचा आवाज लांबून यावा इतकी. मग माणसं दारांत आली. ‘गेली! अरे, आत्ताच जायची होती का?’ कुणीतरी कंपनीला शिवी दिली. काकू दारातून डोकावल्या. ‘तुमचं बी गेलं का गं?’ आमच्या दोघींकडे बघून त्या तशाच मागं फिरल्या.

आमच्या घराचं तेवढं चालू होतं. वाट सगळी रिकामी. मी दाजींना कॉल लावला. वाजला, स्वच्छ वाजला, एकही अडथळा नाही. उचलला नाही. परत लावला. परत नाही. भेटायची वेळ संपली होती, नर्सनी त्यांना बाहेर काढलं होतं, आणि बाहेर डॉक्टरांनी थांबवून घेतलं होतं. हे नंतर कळलं. तेव्हा आई आणि मी नुसत्या त्या वाजणाऱ्या मोबाईलकडे बघत बसलो. मग गल्लीत परत मॅच सुरू झाली.

गाडी आली तेव्हा उन्हं उतरली होती. आईला दोघांनी धरून मागच्या सीटवर आडवं बसवलं. नागपूरचा रस्ता वारंगा फाट्यावरूनच जातो. फाट्यावर ड्रायव्हरने डिझेलसाठी गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला उकरलेला लांब चर होता, मातीचे ढीग, आणि त्या ढिगांच्या आडोशाला आमची जोडणीवाली माणसं उकिडवी बसली होती. केसाएवढ्या काचेच्या तारा एकेक करून जुळवत होती. मला बघून त्यांतला एकजण उभा राहिला.

‘मॅडम, झालंच आता,’ तो म्हणाला. ‘अर्ध्यापेक्षा जास्त जोडलं. तुमी इकडं कसं काय?’

मी उत्तर द्यायच्या आत माझा फोन वाजला. दाजींचा. साधाच. मी ढिगाच्या मागं गेले.

ते म्हणाले, ‘गेली ती.’

त्यानंतर ते रडत होते आणि मी तो तुटक आवाज ऐकत उभी होते. ट्रक जात होते. मी दाजींना, आम्ही येतोय, असं म्हटलं आणि फोन ठेवला. गाडीपर्यंतचं अंतर थोडंच होतं. आई दार उघडं ठेवून बसली होती, पाय सीटवर लांब केलेला. मला फोन घेऊन ढिगाच्या मागं जाताना तिने बघितलं असणार. मी जवळ गेले तशी ती म्हणाली, ‘बस आत. उशीर करू नको.’ मी बसले. तिचा हात हातात घेतला. काय सांगायचं ते तिला सांगायची वेळ आली नाही. तिने माझा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने पदर तोंडावर ओढून घेतला. उमरखेडपर्यंत ती त्या पदराआड होती.

नागपूरला जे करायचं असतं ते सगळं झालं. अक्काला पांढऱ्या कपड्यांत नेलं. विहारातली माणसं आली, वंदना झाली. आईला खुर्चीत बसवून स्मशानापर्यंत नेलं. अक्काच्या मुलीला, जी तेव्हा शाळेत होती, आई आपल्या कुशीत घेऊन बसून राहायची आणि ती मुलगी मात्र कोरड्या डोळ्यांनी आईच्या प्लॅस्टरवर नखाने रेघा ओढायची.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर पाहुणे पांगले. संध्याकाळी दाजींच्या घरी दाजी, आई आणि मी मागच्या खोलीत बसलो होतो. आई म्हणाली, ‘शेवटी तिला मी दिसले न्हाई अन् मला ती. नशीबच खोटं.’

दाजींनी मान वर केली. ‘दिसल्या ना,’ ते म्हणाले. ‘तिले तुम्ही दिसल्या. चांगल्या साफ दिसत होत्या.’

आई त्यांच्याकडे बघत राहिली.

‘मोबाईल मीच धरला होता तिच्यासमोर,’ दाजी म्हणाले. ‘तुम्ही मोबाईल हलवून राहिल्या होत्या, बोटानं ठोकून राहिल्या होत्या, दिसना, दिसना म्हणून. आवाजही येत होता. जेवले, जेवले म्हटलं तुम्ही. ती हसत होती. आवाज नव्हता तिले, पण हसत होती. मले वाटलं, तुम्हाले बी दिसून राहिलं असेल.’

तसं का झालं, ते मला त्याच क्षणी कळलं. इतक्या दिवसांत हा विचार मला शिवला नव्हता. त्या दिवशी सगळी गावं खाली ओढत होती. खाली यायची वाट चेंदामेंदा झाली होती. पण वर, म्हणजे इथून बाहेर, काही पाठवणारं कुणी नव्हतं. वर जायची वाट मोकळी होती. आईचा चेहरा त्या मोकळ्या वाटेनं नागपूरला सरळ गेला, आणि अक्काचा चेहरा नांदेडच्या टोकाला रांगेत राहिला. माझं सगळं काम हेच, आणि मला ते दाजींनी सांगितल्यावर कळलं. मी त्यांना ते समजावून सांगितलं नाही. काय उपयोग होता?

मला वाटलं आईला बरं वाटेल. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

‘मला काय माहीत, ती बघून राहिली म्हणून,’ ती म्हणाली. ‘मी कपाळाला आठ्या घालून बसलते. केसं बी विंचरले नव्हते. अगं, मी तिच्यावर चिडल्यासारखं बोलत होते.’

‘ती हसत होती, आई,’ दाजी परत म्हणाले.

‘व्हय, पण मी हसले न्हाई.’

ती तेच एक वाक्य नंतर कितीतरी दिवस म्हणायची. भाकरी थापताना, प्लॅस्टर काढायला दवाखान्यात बसलेली असताना. कुणाला उद्देशून नाही.

मी परत कामावर गेले. त्या दिवशी मॅच घालवली म्हणून बऱ्याच लोकांनी आमचं कनेक्शन सोडलं. साहेबांनी तो विषय माझ्यापुढं कधी काढला नाही. एकदा त्यांनी पडद्यावरचा आलेख दाखवायला मला बोलावलं. लाईन तुटलेली असताना पेटीनं किती भार पेलला, ते त्यात दिसत होतं. त्यांना ते कौतुकाने सांगायचं होतं. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पडदा बंद केला. ‘दुसरी बी एक लाईन घ्यायला पायजे,’ ते म्हणाले. पुढं परभणीकडून ती घेतलीही. आता एक तुटली तर दुसरी असते.

जवळा बाजारच्या एका दुकानदाराने मात्र येऊन माझे आभार मानले होते. त्याला वाटलं होतं, त्या दिवशी एवढी केबल तुटूनही मॅच चालू ठेवली ती मीच. शेवटी पाच मिनिटं गेली, पण तेवढं चालायचंच, असं म्हणाला. मी त्याला चहा पाजला.

अक्काची मुलगी आता रविवारी आईला व्हिडिओ कॉल करते. शनिवारी रात्रीच आई साडी काढून ठेवते. सकाळी केस विंचरते, चांगलं तेल लावून. कॉल यायच्या कितीतरी आधी मोबाईल डब्याला टेकवून समोर बसते आणि हसते. वाजायच्या आधीपासून हसते. मुलगी दिसली तरी हसते, दिसली नाही तरी हसते. तिचे गाल दुखत असतील, असं मला वाटतं.

मागच्या एका रविवारी काहीतरी बिघडलं. पडदा काळा राहिला, आवाज नाही. मी वाट बघितली आणि म्हणाले, ‘आई, बंद कर, लागत नाही. मी परत लावून देते.’

तिने माझ्याकडे बघितलं नाही. चेहरा तसाच ठेवून, ओठ फार न हलवता ती म्हणाली, ‘गप. तिला दिसत आसंल.’

मी मोबाईलच्या समोरून बाजूला झाले.